बी४५० बोर्डावर ओव्हरक्लॉकिंगसाठी रायझन ५५००, ५६०० की ५६००एक्स?

निळी_वायर:
बोर्ड बी४५०, सध्या त्यावर एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर आहे. ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००. बाकी सगळं तेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचाय. तिन्ही चिप सहा कोर, बारा थ्रेडच्या. ५५०० घेऊन ओव्हरक्लॉक केला, म्हणजे त्याचा वेग (क्लॉक) ४.६ गीगाहर्ट्झपर्यंत ताणला, तर वरच्या दोघांना गाठेल का? की सरळ एक्स घ्यावा? मशीन नागपुरात, खोलीत एसी नाही. वापर मुख्यतः गेम, थोडं ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर).

सोल्डरगन:
५५०० नको. क्लॉक वाढवता येतो, कॅश वाढवता येत नाही. त्यात एल३ कॅश (चिपमधलीच वेगवान मेमरी) १६ एमबी, बाकी दोघांत ३२ एमबी. गेममध्ये फरक पडतो तो इथेच, आणि ४.६ वर नेऊनही तो भरून निघत नाही. त्याची पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड जोडणारी वाट) जुनी ३.० ची, हा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण तुमचा बोर्डच ३.० चा आहे, त्यामुळे तो मुद्दा तुम्हाला लागू नाही.

५६०० घ्या. एक्समध्ये जास्तीचं काय, तर बेस ३.५ ऐवजी ३.७ आणि बूस्ट ४.४ ऐवजी ४.६. कोर, कॅश, ६५ वॉटचा टीडीपी (उष्णतेचा अंदाजी आकडा) सगळं सारखं. पीबीओमध्ये (चिपला ठरलेल्या मर्यादेपलीकडे आपोआप बूस्ट करू देणारी एएमडीची सोय) +२०० मेगाहर्ट्झ दिलं की ५६०० एक्सच्या पंगतीला बसतो. वाचलेले पैसे टॉवर कूलरमध्ये घाला. सोबत येणारा छोटा रेथ स्टेल्थ कूलर नागपूरच्या मे महिन्यात ब्लेंडरला पुरणार नाही. चिप तापली की ती स्वतःच क्लॉक खाली आणते आणि ओव्हरक्लॉक कागदावरच राहतं.

रविवारची_जोडणी:
सहमत. सगळे कोर ४.६ ला कायमचे लॉक करू नका. त्यासाठी व्होल्टेज कायम चढं ठेवावं लागतं आणि खोलीचं तापमान आधीच जास्त आहे. त्यापेक्षा पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (एकेका कोरचं व्होल्टेज कमी करण्याची सोय) वापरा.

बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) पीबीओ ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करा. मूळ मर्यादा पीपीटी (एकूण वीज) ७६ वॉट, टीडीसी (सततचा करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंट) ९० अँपिअर. टॉवर कूलर असला तरी उन्हाळ्यात पीपीटी ९० च्या वर नेण्यात अर्थ नाही. बूस्ट ओव्हरराइड +२००. कर्व्ह ऑप्टिमायझर आधी सगळ्या कोरना निगेटिव्ह १०, मग एकेका कोरला ५-५ ने वाढवत जा. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये ज्या कोरवर तारा दिसतो ते मुळातच कमी व्होल्टेजवर जास्त धावतात. त्यांना ५-१० वरच ठेवा, बाकीचे २०-२५ पर्यंत जातात.

सिनेबेंच (सगळ्या कोरवर लोड टाकणारी चाचणी) पार झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. सगळ्या कोरवर लोड असताना क्लॉक कमी असतो. मशीन बंद पडते ती एखादा कोर एकटाच ४.६ ला झेपावतो तेव्हा, म्हणजे ब्राउझर उघडा ठेवून काहीच करत नसताना. म्हणून कोअरसायकलर हे चाचणीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. तो एकेका कोरवर आळीपाळीने लोड टाकतो, त्यामुळे कच्चा कोर कोणता ते कळतं. फक्त त्याच कोरचा निगेटिव्ह आकडा ५ ने कमी करा, म्हणजे २० चा १५. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर १८ (हार्डवेअर चुकल्याची नोंद) दिसला तरी हेच करा.

आणि एक, पीबीओमुळे चिपचं नुकसान झालं तर ते एएमडीच्या वॉरंटीत येत नाही.

निळी_वायर:
मग ५६००. बायोस जुनं आहे, अपडेट चिप बसवल्यावर करू का? आणि रॅम ३६०० वर न्यावी का?

सोल्डरगन:
अपडेट आधी, २२००जी बोर्डावर असतानाच. जुन्या बायोसवर ५६०० ला डिस्प्लेच येणार नाही. आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, केबल कार्डालाच लावा.

रॅम शेवटी. पीबीओ स्थिर झाल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर क्रॅश कोणामुळे झाला ते कळत नाही. ३६०० ला नेलीत तर इन्फिनिटी फॅब्रिक (चिपचे आतले भाग जोडणारी वाट) १८०० ठेवा, रॅमचं व्होल्टेज १.३५. नाही जमलं तर ३२०० चं एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेलं तयार सेटिंग) लावून थांबा.

जुना कूलर काढताना घाई नको. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना चिपला असतात आणि कूलरखालची थर्मल पेस्ट वाळलेली असली की कूलरबरोबर चिपही सॉकेटमधून उपटून येते, लॉक बंद असला तरी. दहा मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावी-उजवीकडे थोडा पिळा आणि तो सुटल्यावरच उचला. बोर्डामागची प्लेट हाताने धरून ठेवा. स्क्रू निघाले की ती खाली पडते.