रापलेली की रापवलेली?

मालवणहून:

परवा भाच्याने नवी बास गिटार आणली. बिलावर याच महिन्याची तारीख आहे. पण कोपर टेकतं तिथला रंग उडून आतलं लाकूड दिसतंय, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत आणि ब्रिजचे, म्हणजे तारा अडकवायच्या धातूच्या पट्टीचे, स्क्रू तांबूस पडलेत. दुकानदाराने त्याला सांगितलं, 'व्हिंटेज आहे.' ती व्हिंटेज नाही. व्हिंटेज म्हणजे खरोखर त्या काळात बनलेली. ही 'रेलिक' फिनिशची, म्हणजे नवीच पण मुद्दाम जुनी दिसेल अशी केलेली. या 'रेलिक'ला मराठीत काय म्हणावं यावर आम्ही मामा-भाचे दोन रात्री बोलतोय, म्हणून इथे विचारतो.

रेलिक म्हणजे मागे उरलेलं. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्यातल्या करंड्यात भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. ते रेलिक. मराठीत आपण अवशेष म्हणतो, बौद्ध परंपरेत धातू. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने 1995 मध्ये मुद्दाम जुन्या दिसणाऱ्या नव्या गिटारींना हे नाव दिलं आणि ते सगळीकडे रुळलं. पण 'अवशेष फिनिश' म्हटलं तर गिटार जळून उरली आहे असं वाटेल. त्यांच्या जुनेपणाच्या सुरुवातीच्या तीन पायऱ्यांपैकी दोन पायऱ्यांना आपल्याकडे आयते शब्द आहेत. एन.ओ.एस. म्हणजे जुन्या घडणीची पण कोरी करकरीत. क्लोजेट क्लासिक म्हणजे ठेवणीतली. आजीच्या ट्रंकेतल्या साडीसारखी, घडीवर किंचित पिवळी पडलेली पण न झिजलेली. अडतं ते तिसरीपाशी, रेलिकपाशी.

मला सुचलेला शब्द रापणे. ऊन, वारा, खारं पाणी यांनी कातडीचा रंग आणि पोत बदलतो, ते रापणं. वर्षानुवर्षं रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या पाठी ज्यांनी बघितल्यात त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जुन्या बासचंही तसंच होतं. 1950-60च्या दशकांत फेंडरवर नायट्रोसेल्युलोजचं पातळ लॅकर असायचं. ते पिवळं पडतं, थंडीत लाकडापेक्षा वेगळ्या मापाने आकसतं आणि केसासारख्या चिरा जातात. (लॅकर हा शब्दही आपल्याच लाक्षेपासून निघून पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत गेलेला. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाख आणि हे लॅकर वेगळे पदार्थ, पण शब्दाचं घराणं एकच.) कारखान्यात हेच काम पॉलिश कागदाने घासून, लाकूड एकदम गार करून आणि धातूला आम्लाची वाफ देऊन काही दिवसांत उरकतात.

माझी स्वतःची बास सव्वीस वर्षांची, स्वस्तातली, जाड पॉलिएस्टर फिनिशची. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, गणपती, जत्रा सगळं तिच्यावर झालं. तिचा रंग आजही आरशासारखा आहे. दोन ठिकाणी टवके उडालेत, बस. धातू मात्र आपल्या हवेने खाल्ला. ब्रिजवर आधी पांढरे ठिपके आले, मग क्रोम पोपड्यासारखं सुटलं आणि तिसऱ्या तारेच्या सॅडलचा (तार टेकते त्या तुकड्याचा) स्क्रू असा धरला की पाना फिरतो, स्क्रू हलत नाही. भाच्याच्या बासवर उलट आहे, लाकूड झिजलंय पण प्रत्येक स्क्रू लोण्यासारखा फिरतो. आमच्या किनाऱ्यावरची बास अशी जुनी होत नाही.

म्हणून माझं म्हणणं, त्याच्या बासला 'रापवलेली' म्हणावं. पिकलेला आणि पिकवलेला यांत जो 'व' आहे तोच. एका अक्षरात कळतं की हे आपोआप झालेलं नाही, कोणीतरी केलंय. भाच्याला ती गिटार आवडते याचं मला वाईट वाटत नाही. गळ्याचं पॉलिश उतरवलेलं असल्यामुळे हात खरंच छान सरकतो, आणि पहिला ओरखडा पडायची धास्ती नाही. मला राग आहे तो 'व्हिंटेज' म्हणून विकण्याचा.

देवगडहून:

दादा, शब्द सुंदर, पण आंब्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. आमचा हापूस झाडावर पिकू देत नाहीत. काढायचा आणि अढीत गवतावर घालून पिकवायचा. तो पिकवलेला, आणि त्यात फसवणूक नाही. कार्बाईडने पिकवलेलाही पिकवलेलाच. झाडावरच पिकला तर आम्ही 'पाडाचा' म्हणतो. म्हणजे नुसत्या 'व'ने खरं-खोटं ठरत नाही, कशाने पिकवला ते सांगावं लागतं. शिवाय वाजवणाराही आपली बास रापवतोच की. जॅको पास्टोरियस या अमेरिकन बासवादकाने फ्रेट्स (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढलेल्या आपल्या 1962च्या फेंडर जॅझ बासच्या फिंगरबोर्डवर होड्यांना वापरतात तसलं इपॉक्सी चढवलं. त्या बासची झीज त्याच्या हाताने आलेली. पुढे फेंडरने तिची हुबेहूब झिजवलेली आवृत्ती काढली. दोन्हींना 'रापवलेली' म्हणणार का?

मालवणहून:

अढीचं पटलं. माझी चूक अशी की मी 'व'ला आरोप समजलो, तो फक्त कर्ता दाखवतो. जॅकोच्या बासबद्दल मी 'रापलेली'च म्हणेन. त्याने ती वाजवली, रापवायला बसला नव्हता. झीज हा त्याचा हेतू नव्हता. हुबेहूब आवृत्तीत झीज हाच हेतू, म्हणून ती रापवलेली. आणि तुमची सूचना घेऊन पुढे जोडतो: 'कारखान्यात रापवलेली'. भाच्याला सांगितलंय, कधी विकायची वेळ आली तर जाहिरातीत हेच दोन शब्द लिही: नवी, कारखान्यात रापवलेली. तो म्हणाला, तीन झाले. 'नवी' मोजायचं राहिलं, इतकं कबूल करून मी त्याला रात्री तिसऱ्या तारेचा स्क्रू सोडवायला बसवलं.

वेंगुर्ल्याहून:

काका, स्क्रूला भेदक तेल घालून रात्रभर ठेवा, जोर करू नका, डोकं झिजेल. आणि शब्द आमच्या चर्चच्या बँडमध्ये कालच वापरला. 'रापवलेली' म्हटल्याबरोबर ड्रमवाल्याला अर्थ कळला, 'रेलिक' दोनदा सांगूनही कळला नव्हता.