बगलेतला तुकडा

हात वर केला की बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी (कापडी नाड्यांनी) बांधायचा जुना अंगरखा, काखेत उसवते, असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, दोष शिलाईचा नाही, कटिंगचा आहे. आपण शर्टासारखा गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, कापतो. जुन्या पद्धतीत बाही सरळ पट्टीची अन् बगलेत तिरका बसवलेला चौकोनी तुकडा. माझ्या मापाला चार इंचांचा लागला. त्यानंतर दांडपट्टा फिरवा की छताची जळमटं काढा, टाका हलत नाही.

मशीन चालेल का? सिंगरचं पेटंटच मुळी १८५१ चं, आणि नागपूरचे पहिले रघूजी भोसले वारले १७५५ साली. म्हणजे त्यांच्या काळचा पोशाख हातशिलाईचाच. मी मात्र आतल्या शिवणी मशीनवर मारते, दिसणाऱ्या कडा तेवढ्या हाताने दुमडते. चोरी म्हणा हवं तर!

कापडात काटकसर नको. माझी पहिली बाराबंदी चकचकीत साटिनची होती. गुढीपाडव्याच्या मिरवणुकीत नागपूरच्या महाल भागात पोचेपर्यंत अकरा वाजले अन् आत अक्षरशः वाफ धरली बाप्पा. आता गांधीबागेच्या कापडबाजारातून सुती मलमल आणते. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कात्री लावते. नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही मनगटावरून वर सरकते.

आणि बंद बारा, म्हणजे सहा जोड्या. त्याच कापडाचे. वेलक्रो लावलेली एक परवा पाहिली, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.