मदत हवी आहे : अकरा ‘हॅड’ असलेले वाक्य मुलांना कसे समजवावे?

सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या एका गावात नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘व्हाइल मदर वॉज कुकिंग द बेबी स्लेप्ट’ हे वाक्य विरामचिन्हाशिवाय वाचताना आई बाळालाच शिजवते आहे असे वर्गाला क्षणभर वाटले. ‘कुकिंग’नंतर स्वल्पविराम देताच अर्थ लागला. मराठीत ‘आई स्वयंपाक करत असताना बाळ झोपले’ म्हणताना हा घोळ होत नाही, कारण पहिले उपवाक्य कुठे संपले ते ‘असताना’ हा शब्दच सांगतो.

माझी खरी अडचण पुढील प्रसिद्ध वाक्याची आहे : जेम्स, व्हाइल जॉन हॅड हॅड ‘हॅड’, हॅड हॅड ‘हॅड हॅड’; ‘हॅड हॅड’ हॅड हॅड अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर. जॉनने उत्तरात एकदा ‘हॅड’ लिहिले होते, जेम्सने दोनदा, आणि जेम्सचे उत्तर शिक्षकांना अधिक पटले, एवढाच त्याचा आशय. अवतरणचिन्हातील ‘हॅड’ हे वाक्याचे क्रियापद नसून ज्याविषयी बोलणे चालले आहे तो शब्द आहे, हे मात्र फळ्यावर तीनदा लिहूनही मुलांना उमगले नाही.

अवतरणचिन्हाचे हेच काम दाखवणारे साधे मराठी वाक्य कोणी सुचवू शकेल का? मला सुचलेल्या प्रत्येक वाक्यात ‘नको’ला, ‘नको’ने असा प्रत्यय लागतो, चिन्हाशिवायही अर्थ कळतो आणि मुद्दा निसटतो. शिवाय आधी अवतरणचिन्हे शिकवावीत की अर्धविराम, याविषयीही अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.