अनुभव धागा: तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यासाठी घरी केलेला फेसवॉश

सकाळी धुतलेला चेहरा दुपारपर्यंत तेलाचा हात फिरवल्यासारखा चकाकतो, हनुवटीवरची एक पुटकुळी बसते न बसते तोच दुसरी डोकं वर काढते, आणि न्हाणीघरात अर्ध्यावर टाकलेल्या बाटल्यांची रांग लागली आहे. अशा सगळ्यांना निमंत्रण. घरी फेसवॉश करून पाहिला असेल तर लिहा. जमलेलं लिहाच, पण फसलेलं आधी लिहा. 'मैत्रिणीला गुण आला' हे चालणार नाही, स्वतःच्या तोंडाला लावलेलं हवं.

सुरुवात माझ्यापासून. मी लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र केला. मस्त फसफसलं. मला वाटलं, काम सुरू झालं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवत होते. सोडा जास्त पडल्यामुळे मागे उरलं ते अल्कधर्मी पाणी आणि तळाला कचकच. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ४.५ ते ५.५ असतो, सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. चार दिवस चेहरा एकदम 'स्वच्छ' वाटला. पाचव्या दिवशी गालांची सालं निघायला लागली. मुरुमं होती तिथेच होती, फक्त आता लाल गालांवर जास्त उठून दिसत होती.

* * *

मी सोड्याच्या भानगडीत पडले नाही, नुसतं लिंबू साल-बिलासकट चेहऱ्यावर चोळलं. वरवर धुतलं आणि दिवसभर उन्हात फिरले. दोन दिवसांनी गालावर भाजल्यासारखे चट्टे, एका ठिकाणी फोड. नंतर त्याचे तपकिरी डाग पडले ते महिनोन् महिने गेले नाहीत. डॉक्टरांनी डाग बघून पहिलाच प्रश्न विचारला, "लिंबू लावलं होतंत का?" लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकोमॅरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा अक्षरशः भाजते. रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, ते वेगळंच.

* * *

माझी गंमत साबणाची. ऑलिव्ह तेलाचा द्रव साबण 'नैसर्गिक' म्हणून घेतला. पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर तो ९ च्या पुढे दिसला, म्हणून हुशारी करून त्यात व्हिनेगर ओतलं. ओतताक्षणी दूध नासावं तसं झालं! खाली पाणी, वर पांढरे गोळे.

नंतर कळलं ते असं. साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा क्षार. त्यात आम्ल घातलं की मेदाम्लं पुन्हा सुटी होतात आणि साबण साबण राहतच नाही. म्हणजे चेहऱ्यावरचं तेल काढायला निघालेला मी चेहऱ्यावर मेदाम्लं चोपडत होतो. खरा साबण त्वचेच्या पीएचला आणता येत नाही. तसा फेसवॉश हवा असेल तर साबण सोडून दुसरा सर्फॅक्टंट (तेल-मळ सोडवणारा, फेस करणारा घटक) घ्यावा लागतो.

* * *

वरच्या दादांचा प्रतिसाद वाचून हसू आलं, कारण मीही त्याच रस्त्याने आले. आता दोन वर्षं एकच कृती करते, सविस्तर लिहिते.

पहिली चूक चमच्यांची. चमच्याने मोजलं की प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी तयार होतं. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा घ्या, त्याशिवाय सुरुवातच करू नका. दुसरी चूक जास्त महागात पडली. सर्फॅक्टंटच्या बाटलीत सगळा सर्फॅक्टंट नसतो, बरंचसं पाणी असतं. माझ्याकडच्या कोको ग्लुकोसाइडमध्ये ५० टक्के सक्रिय भाग आहे, कोकामिडोप्रोपिल बिटेनमध्ये ३० टक्के. हे न बघता 'माझी त्वचा जास्त तेलकट' म्हणून मी धडाधड ओतलं. सक्रिय भाग २० टक्क्यांच्या वर गेला असणार. तोंड धुतल्यावर हसताना गाल ओढले जायचे, आणि तासाभरात नाकावर पुन्हा तेल.

आता १०० ग्रॅमला माझं प्रमाण असं: डिस्टिल्ड पाणी ६५, ग्लिसरीन ४, झँथन गम (घट्टपणासाठी) ०.८, कोको ग्लुकोसाइड १२, बिटेन १५, फिनॉक्सीइथॅनॉल असलेलं तयार प्रिझर्व्हेटिव्ह १. उरलेले दोनेक ग्रॅम सायट्रिक आम्लाच्या द्रावणासाठी, आणि ते पुरून उरलं तर पाणी. सक्रिय भागाचा हिशेब: १२ चा निम्मा ६ आणि १५ चे ३० टक्के ४.५, म्हणजे साडेदहा टक्के. माझ्या चेहऱ्याला एवढं पुरतं. एकदा ८ वर आणून पाहिलं, तेही चाललं.

झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी घाला. थेट पाण्यात टाकलंत तर अशा गुठळ्या होतात की त्या फोडता फोडता संध्याकाळ होते. सर्फॅक्टंट शेवटी, आणि हलक्या हाताने ढवळा, नाहीतर भांडंभर फेस. ग्लुकोसाइड मुळातच खूप अल्कधर्मी असतं, पीएच ११ च्या पुढे. म्हणून सायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने घालत ५.३ च्या आसपास आणते. मापताना एक भाग फेसवॉश आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी असं पातळ करून पट्टी बुडवते, थेट घट्ट द्रवात पट्टीचा रंग नीट कळत नाही. मीठ घालून घट्ट करायची युक्ती सगळीकडे सांगतात. ग्लुकोसाइडच्या मिश्रणात माझं मीठ फुकट गेलं, पाणी ते पाणीच.

दिसायला गढूळ, वासाला काहीच नाही. मुरुमं यानं गेली का? नाही. पण चेहरा सोलणं थांबलं, आणि डॉक्टरांनी दिलेलं रात्रीचं औषध सोसायला लागलं.

* * *

प्रिझर्व्हेटिव्हवर थांबून दोन शब्द, कारण मी ते 'केमिकल नको' म्हणून वगळलं होतं. कोरफडीचा गर, ग्रीन टीचा काढा, सौम्य सर्फॅक्टंट, आणि 'टिकण्यासाठी' ई जीवनसत्त्वाचे थेंब. नवव्या दिवशी आंबूस वास, अकराव्या दिवशी झाकणाच्या आत काळे ठिपके. वास येण्याआधी कितीतरी दिवस त्यात जंतू वाढत होते आणि मी ते दिवसातून दोनदा फुटलेल्या पुटकुळ्यांवर चोळत होते! त्याच आठवड्यात डोळ्याशेजारी पुवाची पुळी आली. तिचं कारण तेच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण बाटली त्याच दिवशी ओतून दिली. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्यापासून वाचवतं, जंतू मारत नाही. पाणी उकळून घेतलं तरी बाटली उघडली, बोट लागलं की संपलं. फ्रिज फक्त वेळ लांबवतो.

* * *

मुरुमांवर वापरतात त्या सॅलिसिलिक आम्लाची पावडर मागवली, २ टक्के, पाण्यात ढवळली. विरघळेना. गरम केलं, विरघळल्यासारखं झालं. सकाळी बाटलीत सुया! चक्क स्फटिक. तोंडावर काचेचा चुरा घासायचा नव्हता, म्हणून विषय बंद. ते पाण्यात फारच थोडं विरघळतं, प्रोपिलीन ग्लायकोलसारखा द्रावक लागतो. आता सॅलिसिलिकवाला विकतचाच घेतो. प्रत्येक गोष्टीत हात घातलाच पाहिजे असं नाही.

* * *

टी ट्री तेलाबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच. १९९० साली ऑस्ट्रेलियात ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलची ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या औषधाशी तुलना झाली होती. दोन्हींनी मुरुमं कमी झाली, टी ट्रीने सावकाश, पण त्रास कमी. हे वाचून मी फेसवॉशमध्ये थेंब टाकले. दोन गोष्टी माझ्या लक्षातच आल्या नाहीत. एक, अभ्यासातला जेल त्वचेवर राहत होता, माझा फेसवॉश अर्ध्या मिनिटात मोरीत जात होता. दोन, तेल पाण्यात मिसळत नाही. पॉलिसॉर्बेट २० सारखं तेल पाण्यात मिसळवणारं काही नसेल तर ते वर तरंगतं आणि एखाद्या दिवशी सगळंच्या सगळं हातात येतं. तसंच आलं. शिवाय बाटली जुनी, आणि हवा लागलेल्या टी ट्री तेलाची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. मला झाली. आता नुसत्या वासानेही शिंका येतात (हे बहुधा मनाचे खेळ).

* * *

माझ्या कपाळावर एकसारखे बारीक पुरळ होते, सगळे एका मापाचे, आणि खाज. मी त्यांना मुरुमं समजून तेलाने चेहरा धुण्याचा प्रयोग केला. आठ दिवसांत दुप्पट. ती मुरुमं नव्हतीच, मॅलॅसेझिया या यीस्टमुळे केसांच्या मुळांना आलेली सूज होती. त्या यीस्टला तेलातली बरीचशी मेदाम्लं मानवतात. बुरशीविरोधी औषधाने गेलं. खाज असेल तर प्रयोग थांबवून आधी दाखवा.

* * *

मी पंधरा वर्षांच्या मुलीची आई. लेक दिवसातून पाच वेळा तोंड घासायची, तिला वाटायचं आपण घाणेरडे आहोत म्हणून मुरुमं येतात. मीच तशी बोलले होते तिला, 'नीट तोंड धूत नाहीस'. मग पश्चात्ताप म्हणून दोघींनी मिळून फेसवॉश करायला घेतला. त्यासाठी वाचताना मला कळलं की मुरुमं छिद्राच्या आत तयार होतात. संप्रेरकांमुळे तेल वाढतं, मृत पेशी चिकटून छिद्राचं तोंड बंद होतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जंतू वाढतात, मग सूज. वरून घासून तिथे काही पोचत नाही. तिच्या जबड्यावर खोल, दुखऱ्या गाठी होत्या, खड्डे पडायची भीती होती, म्हणून सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. औषधाने फरक दिसायला दोन-तीन महिने लागले. फेसवॉश अजून घरीच करतो, सकाळ-संध्याकाळ दोनदाच. वजनं ती करते, पीएच मी बघते.

* * *

धागा काढणारी परत आले. कोको ग्लुकोसाइडवाली कृती काल रात्री करून पाहिली, अर्ध्या मापाने. झँथनच्या गुठळ्या झाल्याच, कारण ग्लिसरीन आधी पाण्यात ओतून बसले होते. चहाच्या गाळणीतून गाळलं. पीएच पहिल्यांदा ९, सायट्रिकच्या थेंबांनी खाली आणता आणता हात घसरला आणि ४ च्या खाली. तो घाणा ओतून दिला, दुसरा केला. आता पट्टी ५ आणि ५.५ च्या मधला रंग दाखवते आहे. कानामागे थोडासा लावून ठेवला आहे. उद्यापर्यंत खाज आली नाही तर हनुवटीवर. बाटलीवर तारीख लिहिली आहे.