मदत हवी आहे: काकाचं निराधार अनुदान बंद पडलंय आणि सगळीकडे एकच उत्तर, ‘माणूस घेऊन या’

नमस्कार मंडळी. गाव बीड जिल्ह्यातलं आहे. तालुका मुद्दाम लिहीत नाही, त्याच ऑफिसात परत उभं राहायचंय.

माझा धाकटा चुलता, वय 38, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या दोषामुळे हातापायांवर ताबा नाही. प्रमाणपत्रावर 90 टक्के दिव्यांगत्व आहे, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. त्याला बसता येत नाही, अधूनमधून फिट येते आणि त्याचं बोलणं फक्त आजीला कळतं. आई-वडील ऊसतोडीला कोयत्यावर जातात, मी लातूरला शिकतो. म्हणजे दिवाळी झाली की उन्हाळा लागेपर्यंत घरात काका आणि सत्तरी ओलांडलेली आजी, दोघंच.

संजय गांधी निराधारचे पैसे आधी नीट यायचे. अनुदान डीबीटीने, म्हणजे थेट आधार जोडलेल्या खात्यात टाकायला लागले आणि आमचे थांबले. दिव्यांगांचं अनुदान आता महिना 2500 झालंय, इथं मात्र जुने 1500 पण येईनात. फिटच्या गोळ्या आणि डायपर त्यातूनच भागायचे. गोळ्या थांबवता येत नाहीत, म्हणून डायपर बंद केले. आता आजी या वयात रोज गोधड्या धुते.

तहसीलमध्ये म्हणतात बँकेत जा, आधार लिंक नाही. बँकेत म्हणतात केवायसी राहिली, माणूस घेऊन या. शेवटी जीप ठरवून नेलं. चौघांनी चादरीत उचलून पायऱ्या चढवल्या. तिथून आधार केंद्रावर. काकाच्या मुठी कायम वळलेल्या असतात. ऑपरेटर म्हणाला, बोट दाबून धरा. अंगठा सरळ करायला लागलो की तो ओरडायचा, मशीनवर लाल दिवा लागायचा, की पुन्हा तेच. मागे रांगेतली माणसं बघत होती. ‘ठसे येत नाहीत, काही होणार नाही’ एवढं ऐकून घरी आलो. कुणी लेखी काही दिलं नाही.

मला राग याचा आहे की ज्याला उठता येत नाही त्यालाच सगळे बोलावतात, त्याच्यापर्यंत मात्र कुणीच येत नाही. तलाठी गावातच येतात. त्यांना घरात डोकावून पंचनामा करायला किती वेळ लागतो?

विचारायचं ते असं. तक्रार नेमकी कुणाकडे करू, म्हणजे ती फिरून त्याच टेबलावर येणार नाही? थांबलेल्या महिन्यांचे पैसे मागता येतात का? आणि आई-वडील कारखान्यावर असताना काकाला उचलायला, आंघोळ घालायला सरकारकडून कुणी मिळतं का? आशाताई विचारपूस करून जातात, पण ते त्यांचं काम नाही. काकाला कुठं नेऊन ठेवायचं नाही, आजी त्याला सोडून जेवत नाही.

*

प्रतिसाद (परभणी):

दादा, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, हाच आजार. ठसे येत नाहीत म्हणून आधार अडत नाही. ‘बायोमेट्रिक एक्सेप्शन’ (ठसे देता न येणाऱ्यांसाठीची सूट) म्हणून नोंद करता येते, ऑपरेटरला हेच शब्द सांगा. बँकेला रिझर्व्ह बँकेचं 9 नोव्हेंबर 2017 चं परिपत्रक दाखवा. दिव्यांग आणि 70 वर्षांवरच्या खातेदारांना रोख पैसे, केवायसीची कागदपत्रं, हयातीचा दाखला या सोयी घरी द्यायला त्यात सांगितलंय. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

दुसरं म्हणजे पालकत्व. काका सज्ञान आहे, त्यामुळे आजीची सही बँकेत चालत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमून देते. सेरेब्रल पाल्सी त्यात बसते. आजीचं वय बघता तुमच्या वडिलांच्या नावाने अर्ज करा. त्याच न्यासाची निरामय योजना आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत आरोग्य विमा, तीही विचारा.

तक्रार पुण्याला राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा, थांबलेल्या पैशांची मागणी त्यातच लिहा. सोबत ग्रामपंचायतीला अर्ज द्या. स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, डायपरचा खर्च त्यातून मागा.

घरी येणाऱ्या माणसाचं मात्र मलाही आजवर जमलेलं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असणाऱ्यांना तसा अर्ज करायची तरतूद आहे. तुम्ही अर्ज करणार असाल तर कळवा, मी पण इथून करते.