एकट्याने खेळायच्या गेमला दूरच्या सर्व्हरची परवानगी कशाला?

पऱ्हाटीवाला (आर्वी तालुका)

मुद्दा आधी सांगतो. जो गेम मी एकटाच खेळतो, ज्याचे पूर्ण पैसे मोजले आणि जो अख्खा माझ्या हार्डडिस्कवर पडला आहे, तो सुरू करताना कोणाला विचारायची पाळी येता कामा नये. चोरी थांबवायच्या नावाखाली लावलेलं कुलूप विकत घेणाऱ्याच्याच दाराला लागलंय, आणि त्याचा सगळ्यात जास्त जाच खेड्यातल्या माणसाला होतो.

कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे हातात आले तेव्हा अडीच हजारांचा एक गेम घेतला. 70 जीबीचा. आमचा पॅक रोजचा दीड जीबी, म्हणून लॅपटॉप घेऊन अमरावतीला मावसभावाकडे गेलो आणि रात्रभर डाउनलोड लावला. पंधरा दिवस झकास चालला. मग हरभऱ्याचं ओलित आलं. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. स्प्रिंकलर लावला की तीन तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, तोवर मोटरच्या खोलीत जागं बसायचं. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. गावातली लाईन संध्याकाळीच गेलेली, टॉवरची बॅटरी उतरलेली, मोबाइलवर एक दांडी नाही. गेमवर क्लिक केलं, पडद्यावर एक ओळ आली: परवाना तपासता आला नाही. बस, तिथंच बंद. पावती माझ्या ईमेलमध्ये आहे, गेम माझ्या डिस्कवर आहे, आणि तरी मी बाहेर.

माझा एक मित्र तोच गेम क्रॅक करून, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची प्रत, खेळतो. त्याला ना नेट लागत, ना परवाना. त्या रात्री तो खेळू शकला असता आणि मी नाही, याचा मला अजून राग आहे.

हे माझ्यापुरतं नाही. 2013 मध्ये सिमसिटी आला. शहर वसवायचा गेम, एकट्यानेही खेळायचा, पण ऑनलाइन असल्याशिवाय चालायचा नाही. आल्या आल्या सर्व्हर कोलमडले, पैसे मोजलेले लोक ताटकळत बसले. वर्षभराने ऑफलाइनची सोय दिली. म्हणजे देता येत होती! द क्रूची गत याहून वाईट. 2014 चा गाड्यांचा गेम, बराचसा एकट्याने खेळता येणारा. युबिसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम कायमचा गेला. त्यावरूनच यूट्यूबर रॉस स्कॉटने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली, आणि युरोपात तिच्या मागणीवर 10 लाखांच्या वर सह्या पडल्या.

आणि मॉडिंग, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये स्वतः केलेले बदल. 1993 च्या डूम या गेमने नकाशे, चित्रं, आवाज वेगळ्या फाइलींत ठेवले, म्हणून लोकांनी स्वतःचे मजले रचले. काउंटर-स्ट्राइक हा तर हाफ-लाइफवर पोरांनी केलेला मॉड होता. फाइल उघडता आली म्हणून हे झालं.

आमच्याकडे सोयाबीनचं बियाणं घरचं ठेवता येतं. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, 70 च्या वर उगवले तर पेरायचं. कपाशीचं पाकीट मात्र दरवर्षी दुकानातूनच. मला गेम सोयाबीनसारखा पाहिजे. एकदा घरात आला की माझा.

दारव्ह्याचा, सध्या पुणे

भाऊ, मी गेम बनवण्याच्या धंद्यात आहे, म्हणून राग गिळून वाचलं. तू तीन वेगळी जनावरं एका दावणीला बांधलीस. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं खातं एक, गेमच्या मुख्य फाइलवर चढवलेलं डेनुवोसारखं कॉपी रोखणारं कवच दुसरं, आणि सतत ऑनलाइन राहण्याची सक्ती तिसरी. तिसरीबद्दल माझं तुझ्याशी भांडण नाही, ती एकट्याच्या गेमला नसावी. पण दुसऱ्याचा बचाव मी करणार.

मी पूर्वी ज्या लहान स्टुडिओत होतो तिथं अकरा जणांनी तीन वर्षं एक गेम केला. कुलूप लावायला पैसे नव्हते, लावलं नाही. तिसऱ्या दिवशी क्रॅक प्रत फिरायला लागली. नंतर तक्रारी सुरू झाल्या की दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडत नाही. ते दार आम्ही पहिल्याच दिवशीच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलं होतं. म्हणजे ज्यांनी एक रुपया दिला नाही ते आम्हाला रात्री अकरा वाजता चिडून ईमेल करत होते, आणि मी त्यांना उत्तरं लिहीत होतो. पुढच्या चैत्रात आमच्यातले चौघे घरी बसले. तुझा क्रॅकवाला मित्र तुला नशीबवान वाटतो, मला त्याच्यात त्या चौघांचा पगार दिसतो.

एकट्याच्या गेमची विक्री मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत होते. तेवढा काळ कुलूप टिकलं तरी पुरे. 2016 चा नवा डूम मे महिन्यात डेनुवोसह आला, डिसेंबरमध्ये कंपनीनेच ते काढलं. आणि मॉडिंग म्हणशील तर डेनुवो चित्रांच्या नि आवाजाच्या फाइलींना कुलूप लावत नाही. फाइली बंद ठेवायच्या की उघड्या, हा बनवणाऱ्याचा वेगळा निर्णय असतो.

आपल्याकडे एकट्याने खेळायचा मोठा गेम कोण करतं? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये राजी काढला, तसे हातावर मोजण्याइतके. अशा गेमची एकेक विकलेली प्रत मोलाची असते.

पऱ्हाटीवाला

दादा, चौघांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण द विचर 3 हा गेम पहिल्या दिवसापासून जीओजी या ऑनलाइन दुकानात बिनकुलपाचा मिळतो आणि 2023 पर्यंत त्याच्या सगळ्या मिळून 5 कोटींच्या वर प्रती गेल्या. ज्याला फुकटच पाहिजे तो कुलूप तुटेपर्यंत थांबतो, विकत घेत नाही.

दारव्ह्याचा, सध्या पुणे

एका वावरात एकरी पंधरा क्विंटल कापूस झाला म्हणून अख्ख्या तालुक्याचा सरासरी उतारा तेवढा लिहितोस का?

जुना कॅफेवाला (पुसद)

राजेहो, माझं थोडं आयका. 2004 ते 2011 माझा सायबर कॅफे होता. आठ कॉम्प्युटर, तासाचे पंधरा रुपये. सगळ्या मशीनवर व्हाइस सिटी, आन एकही प्रत विकतची नाई. नागपूरहून सीडी यायची, तिच्यावरून आठी मशीनवर चढवायची. पोट्टे शाळा सुटली की दप्तरासगट यायचे. त्याईले वाटे गेम म्हंजे हवा-पान्यासारखी फुकट गोष्ट हाय. पैसे मले देत होते, ज्याईनं गेम बनवला त्याईले छदाम नाई.

हे मी आज कबूल करतो, काहून की ते माझ्या मनातून जात नाई. त्या दारव्ह्याच्या पोराचं म्हननं मले पटते. कुलूप कंपनीनं उगाच नाई लावलं, आमच्यासारख्याईनं लावाले लावलं. पऱ्हाटीवाल्या भाऊ, तुह्या रात्रीचं दुखनं खरं हाय, पन त्याचा अर्धा दोष माह्या पिढीवर टाक.

लालपरी मॉडवाला (कारंजा लाड)

मी कुलपाच्या बाजूने आहे, आणि मी कंपनी नाही. मी मॉड करतो.

बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा मोबाइलवरचा गेम सगळ्यांना माहीत असेल, त्यात आपली एसटी आणणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मी चार महिने एका लाल गाडीवर घालवले. डेपोत उभा राहून फोटो काढले, मागची शिडी, खिडकीचे आडवे गज, दाराच्या आतली कडी, कंडक्टरच्या डोक्यावरची घंटीची दोरी. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक गज ओढला. समोरच्या पाटीवर 'कारंजा–दारव्हा–यवतमाळ' लिहिलं, कारण त्याच गाडीने मी कॉलेजला गेलो. फुकट टाकली. दोन दिवसांत दुसऱ्या एका चॅनेलवर तीच गाडी, माझं नाव पुसून, आणि वर 'आमची नवीन गाडी' म्हणून पैसे मागितलेले.

त्यानंतर माझी फाइल मी बंद करूनच देतो, पासवर्ड मागेल त्याला मीच पाठवतो. ज्याची मेहनत चोरीला गेली नाही त्याला कुलूप वाईट दिसणारच.

मिरचीबाई (वरोरा)

लालपरी दादा, तुमची गाडी मी चालवली आहे. दोरी ओढल्यावर येणारा तो टणत्कार ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. म्हणून जरा हक्काने बोलते.

मी धाकट्या भावासाठी स्टारड्यू व्हॅलीचं मराठी करते आहे. एरिक बरोन नावाच्या एका माणसाने साडेचार वर्षं एकट्याने बनवलेला शेतीचा गेम, 2016 चा. तोही बिनकुलपाचा मिळतो आणि 4 कोटींच्या वर विकला गेलाय. त्याच्या वाक्यांच्या फाइली उघडता येतात म्हणूनच मला हे करता येतं. अडचण फाइलींची नव्हतीच, अक्षरांची होती. गेम अक्षरं एकामागून एक मांडतो, त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या मागून येऊन बसायची. 'शेतकरी' नीट दिसायचा, 'पिशवी' मोडलेली. 'क्ष' चा क वेगळा, ष वेगळा. शेवटी 'पि', 'कि', 'क्ष', 'त्र' अशी जोडलेली अक्षरं एकेक चित्र म्हणून फॉन्टमध्ये भरली. तीन आठवडे गेले. ज्या संध्याकाळी भावाने पडद्यावरचं 'विहिरीचं पाणी' न अडखळता मोठ्याने वाचलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. तो शाळेत वाचताना अडखळतो.

कुठलीही कंपनी वरोऱ्याच्या पोरासाठी मराठी करणार नाही. ते आम्हीच करायचं आहे, आणि बंद फाइलवर ते करता येत नाही. तुमच्या गाडीवर माझ्या भावाला 'वरोरा–शेगाव–चिमूर' पाटी लावायची होती. नाही लावता आली. ज्याने तुमचं नाव पुसलं त्याला पासवर्ड कुठूनही मिळेल. माझ्या भावाला मिळणार नाही, कारण अनोळखी माणसाला मागायला तो लाजतो.

लालपरी मॉडवाला

ताई, आईंचं वाचून बरं वाटलं. पाटीची फाइल मी वेगळी काढून उघडी ठेवतो, ती ज्याला हवी त्याने बदलावी. आठवडा द्या. गाडीची फाइल मात्र बंदच राहील. त्यावर मी बदलणार नाही.

वकील (अचलपूर)

दोन गोष्टी, कारण वर 'चोरी' हा शब्द सरसकट वापरला गेलाय. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65अ आलं. संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण ते 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' तोडलेलं असावं लागतं. हा हेतूचा शब्द महत्त्वाचा आहे. आणि कलम 52 मध्ये, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे त्याने नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करणं हा भंग मानलेला नाही. मोटरच्या खोलीतला आपला पऱ्हाटीवाला आणि कॅफेतली सीडी कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत. पऱ्हाटीवाले, मित्राकडून क्रॅक घेतलात तर मात्र हा आधार पुरेल असं मी म्हणणार नाही.

बियाण्याच्या उदाहरणात एक दुरुस्ती. संकरित कपाशीचं दुसऱ्या वर्षी उत्पन्न घटतं तो संकराचा गुण आहे, कोणी लावलेलं कुलूप नाही. पण पीक वाणांच्या 2001 च्या कायद्यात शेतकऱ्याने बियाणं राखावं, पेरावं, अदलाबदल करावी, विकावंही, फक्त संरक्षित वाणाचं लेबल लावलेल्या पाकिटात, म्हणजे ब्रँडेड बियाणं म्हणून विकू नये, असा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वाण तयार करणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. दोघांचे हक्क शेजारी शेजारी लिहिलेत. गेम विकत घेणाऱ्यासाठी असं कलम आपल्याकडे नाही.

पऱ्हाटीवाला

वकील साहेब, हेच मला म्हणायचं होतं आणि मला मांडता आलं नव्हतं. कपाशीची चूक मान्य.

कॅफेवाले काका, तुमच्यावर दोष टाकायचं मला जमणार नाही. मी स्वतः आर्वीला तसल्याच एका कॅफेत खेळायला शिकलो. मित्राकडची क्रॅक प्रत मी त्या रात्रीनंतरही घेतली नाही, आणि घेणारही नाही. म्हणूनच तर चिडतो.

दारव्ह्याच्या दादा, तुला एकच विचारतो. तुझं म्हणणं की कुलूप पहिल्या काही आठवड्यांसाठी असतं. मग ते विकतानाच लिहून का देत नाही? पाकिटावर बियाण्याची वापरायची मुदत छापलेली असते. तशी तारीख छापा: या दिवशी कुलूप निघेल, आणि सर्व्हर बंद करायची वेळ आली तर त्याआधी ऑफलाइनचं अपडेट देऊ. असं लिहून दिलंत तर पहिले सहा महिने टॉवर नसताना मी उपाशी राहायला तयार आहे, पूर्ण पैसे मोजून. डूमचं कुलूप काढलं, पण विकत घेताना ते कोणाला माहीत होतं?

दारव्ह्याचा, सध्या पुणे

नव्हतं माहीत. आमच्याकडे तारीख ठरते ती विक्रीचे आकडे पाहून, आणि ती आधी छापली तर क्रॅकवाल्याप्रमाणेच विकत घेणाराही तोवर थांबेल, अशी पैसे लावणाऱ्याची भीती असते. ती भीती मलाही थोडी आहे, खोटं बोलत नाही.

पण सर्व्हर बंद व्हायच्या आधी ऑफलाइनचं अपडेट, हे लिहून द्यायला काहीच हरकत नसावी. तेवढं मी आमच्या पुढच्या गेमच्या करारात घालायचा आग्रह धरीन. सोमवारी बैठक आहे. कुलूप काढायच्या तारखेचं मात्र आज हो म्हणत नाही. आणि तुझ्या त्या रात्रीची गोष्ट, स्प्रिंकलरच्या पाइपांसकट, तशीच वाचून दाखवली तर चालेल का? तिथं बसणाऱ्यांपैकी कोणीच टॉवरची बॅटरी उतरलेली पाहिलेली नाही.

पऱ्हाटीवाला

चालेल. गाव, तालुका सगळं सांग. या आठवड्यात लाईन दिवसाची आहे, सोमवारी सकाळी फोन केलास तरी मी वावरात असेन. बांधावर, चिंचेच्या बाजूला रेंज येते.