नाकाच्या अ‍ॅलर्जीला स्प्रे-गोळीच्या जोडीला हर्बल काही घेऊ का?

सदासर्दी:
मंडळी, सकाळी उठलं की सलग दहा-पंधरा शिंका, मग दिवसभर नाक एकतर गळतंय नाहीतर चोंदलंय, वर्षानुवर्षं हेच. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे आणि रात्री सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) दिलंय, फरक आहे पण पूर्ण नाही. आता बहिणीने यादी पाठवलीय, बटरबर (एका झाडाचा अर्क), क्वेर्सेटिन (कांदा-सफरचंदात असतं ते द्रव्य), कलौंजी तेलाच्या कॅप्सूल, आणि वर ज्येष्ठमध. म्हणते नॅचरल आहे, तोटा काय होणारे. औषध बंद करायचं नाहीये, जोडीला घ्यायचंय. कुणी घेतलंय का? बीपीची गोळी पण चालू आहे माझी.

काढाबहाद्दर:
कलौंजी तेल महिनाभर घेतलं. बरं वाटलं खरं, पण त्याच महिन्यात उशा-चादरी (धुळीतले बारीक किडे जावेत म्हणून) दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायला लागलो होतो, त्यामुळे श्रेय कॅप्सूलला द्यायचं की वॉशिंग मशीनला हे आजतागायत कळलेलं नाही 😅

गोळ्यामोजणारी:
फार्मसीत काम करते म्हणून जरा लांबण लावते. तुमच्या यादीत बटरबरचाच अभ्यास त्यातल्या त्यात बरा झालाय, २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १२५ जणांवरची ट्रायल आली होती, दोन आठवडे, आणि ते सेटिरिझिनच्या तोडीचं निघालं. पण नीट बघा, तिथे सेटिरिझिनच्या *ऐवजी* दिलं होतं, सोबत नाही, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाहीच. शिवाय त्या झाडात लिव्हरला घातक अल्कलॉइड्स असतात, ती काढून टाकलीत असं लेबलवर लिहिलेलं असलं तरी लिव्हर बिघडल्याच्या केसेस आल्या आणि २०१२ मध्ये ब्रिटनने ही उत्पादनं बाजारातून काढायला लावली. वर ते झेंडू-शेवंतीच्या कुळातलं, त्या परागकणांची अ‍ॅलर्जी असेल तर आगीतून फुफाट्यात.

क्वेर्सेटिन प्रयोगशाळेत पेशींमधून हिस्टामिन (शिंका आणणारं रसायन) बाहेर पडणं कमी करतं, पण पोटातून नीट शोषलंच जात नाही. आणि ज्येष्ठमध बीपीवाल्यांनी नकोच, बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं.

आता उलटा प्रश्न, स्प्रे रोज मारता का?

सदासर्दी:
रोज नाही हो, जास्त चोंदलं की मारतो. मारला की घशात कडवट उतरतो म्हणून कंटाळा येतो.

गोळ्यामोजणारी:
हं, तिथेच गोम आहे. तो लगेच नाक मोकळं करणाऱ्या ड्रॉप्ससारखा नसतो, रोज मारला तर पूर्ण असर यायला दोनेक आठवडे लागू शकतात. मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला. जोरात ओढायचं नाही, ओढलं की घशात जाणारच.

नाकधुणी:
+१. आणि जोडीलाच काही हवं असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुवा, स्प्रेच्या आधी. पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं अजिबात नको, क्वचित का होईना त्यातला अमीबा नाकातून मेंदूत जातो आणि मग माणूस वाचणं मुश्किल.

सदासर्दी:
बाप रे. बरं, दोन आठवडे रोज मारून बघतो. पण बहिणीने बटरबर ऑलरेडी ऑर्डर केलंय, तिला काय सांगू?

काढाबहाद्दर:
ऑर्डर कॅन्सल कर म्हणावं, आणि त्या पैशात उशीची कव्हरं घे.